अर्धं बूड गुजरातेत

रविवारी काय करायचं, हा प्रश्न खान्देशी माणसाला पूर्वी पडत नसे. थंडीत शेतात भरीत पार्टी, उन्हाळ्यात कूलरसमोर आडवं होणं आणि एरवी हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी. पाहुणे आलेच तर जळगावकर त्यांना अजिंठ्याला नेत, ते दुसऱ्या जिल्ह्यात. रावेरकर बऱ्हाणपूरला नेत, ते दुसऱ्या राज्यात. साक्री-नवापूरकडचे सापुताऱ्याला नेत, ते तिसऱ्याच राज्यात. आमची मौज कायम हद्दीपलीकडे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पलीकडे जायचंच कशाला, हद्दच बघून येऊ.

तेव्हापासून ‘एका दिवसात काय पाहाल’ छापाच्या प्रत्येक यादीत नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं आहे.

आमच्या शेजारच्या आजोबांना नातवाने हा बेत सांगितला. आजोबांनी विचारलं, “तठे काय शे?” नातू म्हणाला, “बाकडं शे.” आजोबा म्हणाले, “मंग आपला ओटावर कमी जागा शे का?” आजोबांना पर्यटन कळत नाही. ओट्यावर बसलं की माणूस नुसता बसतो. नवापूरच्या बाकड्यावर बसलं की अर्धं बूड महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत राहतं.

स्टेशन आधीचं आणि राज्यं नंतरची. १ मे १९६० रोजी वाटणी झाली आणि हद्द गेली ती नेमकी स्टेशनातून. फलाटाची लांबी सुमारे ८०० मीटर. त्यातले ३०० आपल्याकडे, ५०० त्यांच्याकडे. हल्ली इथून निघालेलं काहीही गुजरातेत जाऊन थांबतं, अशी ओरड असते. फलाटाचा मोठा वाटा तर पहिल्याच दिवशी जाऊन बसला होता, त्यामुळे त्याचं दुःख नव्याने करायला नको. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. म्हणजे पैसे इकडे भरायचे आणि गाऱ्हाणं घेऊन परराज्यात जायचं. त्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा होईपर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होतं. तेव्हा बाकड्यावर आमचा जुना हक्क आहे, असं धुळेकरांचं म्हणणं. पण हे स्टेशन बघायला धुळेकराला रेल्वेने थेट जाता येत नाही, कारण धुळ्याची लाईन चाळीसगावला जाते, भलत्याच दिशेला. म्हणून तो साक्री, विसरवाडी करत शंभरावर किलोमीटर मोटार हाकतो, रेल्वेच्या स्टेशनात शिरतो, रेल्वेत न बसता बाकड्यावर बसतो आणि परत येतो. सुरत-भुसावळ लाईनवरच्या जळगावकराला गाडी थेट मिळते, म्हणून तो स्वतःला जरा वरचा पर्यटक समजतो.

आता प्रश्न येतो नेमकं कसं बसायचं याचा. तज्ज्ञांत इथे मतभेद आहेत. एक पंथ बाकड्यावरची हद्दीची रेघ बरोबर मधोमध धरून बसतो. त्याचा एक कार्यकर्ता मोबाइल घेऊन समोर उकिडवा बसतो आणि “बाबा, थोडं गुजरातकडे सरका” अशा सूचना देतो. दुसऱ्या पंथात नवरा गुजरातेत, बायको महाराष्ट्रात आणि मूल रेघेवर. मूल लगेच तिकडे वेफरचा पुडा फोडतं आणि कागद इकडे टाकतं. तिसरा पंथ बसतच नाही, रेघेवरून उड्या मारतो. गुजरात, महाराष्ट्र, गुजरात, महाराष्ट्र. दम लागला की विचारतो, आता मी कुठे आहे? चौथ्या पंथात एकच गृहस्थ असतात, पण ते दर रविवारी असतात. त्यांना कायद्याची शंका असते. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, मग बाटली इकडच्या हातात आणि ग्लास तिकडच्या हातात धरला तर गुन्हा कुठे दाखल होईल? त्यांना कुणीतरी सांगतं की रेल्वेच्या आवारात दोन्ही हातांना बंदी आहे. गृहस्थ हिरमुसतात, पण लगेच पुढची शंका काढतात. समजा, माणूस इथेच बसल्या बसल्या गेला, तर पंचनामा कुणी करायचा? दोन्हीकडचे हवालदार फूटपट्टी घेऊन येणार का? हृदय डावीकडे असतं, मग फलाटाकडे तोंड करून बसलेला मरतो एका राज्यात आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला दुसऱ्यात, असं धरायचं का? नुकसानभरपाई जिथे जास्त तिकडे तोंड करून बसलेलं बरं, या निष्कर्षावर सभा उठते. परत निघताना सगळे गुजरातेत टाकी फुल करतात, कारण तिकडे पेट्रोल स्वस्त आहे. हद्दीचा खरा अभ्यास असलेली या भागातली एकमेव वस्तू म्हणजे गाडीची टाकी.

मे महिन्यात मात्र हा राष्ट्रीय एकात्मतेचा कार्यक्रम आखडता घ्यावा लागतो. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की बाकडं दोन्ही राज्यांत सारखंच भाजतं.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण परवा त्याच बाकड्यावर एक कुटुंब बसलं होतं. दोन गाठोडी, एक डबा, एक कोयता कापडात गुंडाळलेला, दोन लहान पोरं, त्यातलं एक झोपलेलं. दिवाळी झाली की या भागातले आदिवासी दक्षिण गुजरातच्या उसात तोडीला जातात. ही माणसं त्यातलीच होती आणि गाडीची वाट बघत होती. तेवढ्यात एक मोटारभर पर्यटक आले. त्यातल्या पांढऱ्या बुटाच्या तरुणाने हाताने ‘उठा’ अशी खूण केली. वर गोड आवाजात म्हणाला, “दोन मिनिटं, फोटो काढायचाय.” ते उठले. तक्रार न करता उठले, झोपलेलं पोर खांद्यावर टाकून उठले. दोन मिनिटांची पंचवीस झाली, कारण एकीच्या फोटोत बाकड्यावरचं ‘महाराष्ट्र’ नीट येत नव्हतं. स्टेशनात घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात, याचं पर्यटकांना फार कौतुक वाटलं. त्यांनी त्याचंही चित्रीकरण केलं. फलाटावर उभं असलेलं कुटुंब आपसात मावचीत बोलत होतं. ती पाचवी, आणि तिच्यात घोषणा होत नाही. दोन राज्यांत एकाच वेळी असण्याची एवढी हौस असेल तर त्या बाप्याला विचारा की. त्याचं रेशन कार्ड इकडे आणि कोयता तिकडे. पोराचं नाव इकडच्या शाळेत आणि पोर तिकडच्या फडात. आजारी पडला तर इकडे डॉक्टर सापडत नाही म्हणून सुरतेची वाट. तो आयुष्यभर त्या रेघेवर बसलाय, आणि त्याच्यासोबत फोटो काढावा असं एकालाही वाटलं नाही. उलट त्याच्यामुळे फ्रेम बिघडत होती!

आणि ही पर्यटक मंडळी आली कुठून? धुळ्यातून. येताना नाही, पण मुंबईला जाताना दरवेळी लळिंगच्या किल्ल्याखालून जातात. काच वर, एसी चालू, मान खाली मोबाइलमध्ये. यांच्याच जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यातल्या अष्टकोनी कबरीवरचं कोरीवकाम बघायला परमुलखातली माणसं पत्ता विचारत येतात, आणि शिरपूरचा माणूस त्यांना पेट्रोल पंपाचा पत्ता सांगतो. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडतात, तिथे यांची गाडी फक्त चहाला थांबते. चाळीसगावजवळ पाटणच्या देवीला नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या देवळात भास्कराचार्यांच्या नातवाचा इसवी सन १२०७ चा शिलालेख सापडला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला नातवाने मठ काढला आणि त्याला जमिनीचं, उत्पन्नाचं दान मिळालं, हे त्यात कोरलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वी खान्देशात गणित शिकवायला दान मिळत होतं! पण त्या शिलालेखावर बसता येत नाही, त्यामुळे तो यादीत नाही. नारळ फोडायचा, प्रसाद घ्यायचा, धबधब्यात आंघोळ करायची आणि प्लॅस्टिकची बाटली तिथेच सोडायची. वर ‘आपल्याकडे बघण्यासारखं आहे काय?’ हेही आपणच म्हणायचं.

आपल्याकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे, बघणारे नाहीत. ज्याला घरचं काहीच बघायचं नाही त्याला शेवटी कुंपणच बघावं लागतं, आणि मग तो कुंपणावर बसून आपण जग पाहिल्याचं स्टेटस ठेवतो.

तरीही नवापूरला जायचंच असेल तर खुशाल जा. मात्र प्लॅटफॉर्म तिकीट काढा, कारण ते कुठल्याही राज्यात बसलात तरी लागतं. आणि बाकड्यावर गाठोडं घेऊन कुणी बसलेलं असेल तर त्याला उठवू नका. फोटो उभ्यानेही निघतो.