पंचवीस हजारांचं राज्य

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने झेडपीच्या शाळेवर देखरेख ठेवायला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. कागदावरची एवढी लोकशाही विधानसभेलाही झेपायची नाही.

तिजोरीचं म्हणाल, तर ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५,००० रुपये. खडू, वीजबिल, नळाची तोटी, फुटकी कौलं सगळं त्यातच. त्यातलेही किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. बिल थकून मीटर कापलेला असतो, तेव्हा सीसीटीव्हीचा ठराव एकमताने मंजूर होतो. चौथीच्या पोरांना भागाकार का येत नाही, हा विषय निघेपर्यंत आया निंदणीला गेलेल्या असतात. हरकत नाही, रजिस्टर घरपोच फिरतं आणि सह्या पडतात. (गणपूर्तीची अशी सोय संसदेलाही नाही.)

दर्जावर सर्वात तळमळीने बोलतात ते ग्रामपंचायतीच्या कोट्यातले सदस्य. त्यांची मुलं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला. बैठक तेवढी पिवळी बस येऊन गेल्यावर ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं.