मेलेलं झाड शोध

कॉर्सिका बेटाचे समुद्रकिनारे फार सुंदर आहेत, अशी माझी ऐकीव माहिती आहे. मी दादाबरोबर गेलो होतो, आणि दादा पक्षीनिरीक्षक. अझाक्सिओत नेपोलियन ज्या घरात जन्मला, त्या घराकडे पाठ करून तो पाकोळ्या बघत उभा राहिला. साधी पाकोळी की फिकट पाकोळी, हे ठरेपर्यंत घर बंद व्हायची वेळ झाली. सम्राटाचा एवढा अपमान वॉटर्लूलाही झाला नसेल.

खरी मोहीम होती कॉर्सिकन नटहॅचची, म्हणजे आपल्या शिलींध्रीच्या तिथल्या भावकीची. चिमणीपेक्षा लहान, निळसर राखाडी पाठ, डोळ्यावर पांढरी पट्टी. सगळ्या जगात फक्त याच बेटावर, आणि बेटावरही डोंगरातल्या लारिशिओ पाइनच्या रानात. १८८३ साली जॉन व्हाइटहेड नावाच्या इंग्रजाने तो शोधला, म्हणजे त्या काळच्या रीतीप्रमाणे बंदुकीने पाडला. पद्धत क्रूर खरी, पण मान दुखत नाही.

बास्तियाकडे जाणारी मीटरगेज गाडी बोगदे पार करत डोंगर चढते. व्हिझाव्होनाला उतरलो. जीआर-२० या प्रसिद्ध पायवाटेचा हा मधला टप्पा, त्यामुळे पाठीवर बिऱ्हाड घेतलेली माणसं पुष्कळ. रान अफाट! पूर्वी ज्यांच्या डोलकाठ्या करत, ते उंच, सरळसोट पाइन. मी वर बघून "अहाहा" म्हणणार, तेवढ्यात दादा खेकसला, "जिवंत झाडं काय बघतोस? मेलेलं शोध!"

हा पक्षी घरट्यासाठी कुजलेलं खोड कोरतो. त्यामुळे मयताला निघालेल्या माणसांनी पत्ता विचारत फिरावं, तसे आम्ही रानभर हिंडलो. एक सापडलं. त्याच्यासमोर बसलो. मागून एक डुकरीण आली. इथली डुकरं मोकळी चरतात. त्यांना मालक असतो, पण ऐन वेळी तो दिसत नाही. तिने पिशवीतली बाकरवडी पुड्यासकट संपवली. मी हुसकायला उठलो, तर दादाने सदरा धरून खाली बसवलं. "हलू नकोस!"

खोडावरून तो खाली डोकं, वर शेपूट करून चालत येत होता. आरामात, जिना उतरावा तसा नव्हे, सपाटीवर चालावं तसा. सालीत चोच खुपसली, काहीतरी ओढलं, भोकात शिरला. टोपी काळी, म्हणजे नर. दादाचे डोळे भरून आले, माझे बाकरवडीसाठी.

तेवढ्यात वाटेवरून एक फ्रेंच जोडपं आलं. काय बघताय, असं विचारलं. दादाने वहीतलं चित्र दाखवलं.

"हा होय! सकाळी आमच्या तंबूपाशी होता की."

दादाने पेन उघडलं. "टोपी राखाडी होती का? मादी राहिली आहे."