किंगपिन गेली

गाडी थरथरते, एवढंच मी म्हणालो. तेही चहावाल्याला, साखर कमी टाक म्हणता म्हणता. पण औंढा रस्त्यावरच्या त्या टपरीत असलं वाक्य बाकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मामांनी बशी खाली ठेवली आणि हात पुढे केला. "चावी."

मामा तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या गावात ते विहिरीवरच्या मोटारीचे तज्ज्ञ असतील, नाहीतर गुडघेदुखीचे. आमच्या हिंगोलीत ते जीपच्या पुढच्या चाकांचे आहेत. कुठल्याशा सरकारी खात्यात जन्मभर ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खाकी शर्ट अजून तोच आणि खिशातला टेस्टरही तोच.

तपासणीची रीत ठरलेली. गाडीत बसायचं, डोळे मिटायचे, वैद्यानं नाडी धरावी तशी दोन बोटं स्टेअरिंगवर ठेवायची. गाडी बंदच असते. बंद गाडीची थरथर कशी कळते, असं एका तरुण मेकॅनिकनं एकदा विचारलं होतं. तो आता दुसऱ्या टपरीवर चहा पितो. मग डोळे उघडायचे आणि म्हणायचं, "किंगपिन गेली." म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती.

माझी गेली म्हणून तक्रार नाही. सगळ्यांचीच जाते. कळमनुरीकडच्या कुणाचा तरी हळदीचा टेम्पो डावीकडे ओढतो, किंगपिन. टपरीतला पंखा डुगडुगतो, किंगपिन. पेपरात 'घोटाळ्याचा किंगपिन सापडला' अशी बातमी आली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "सापडली ना? मग बदला की."

१० जुलै २०२४ ची सकाळ तर मी विसरणार नाही. सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. मांडणीवरची भांडी वाजली, आम्ही सगळे होतो त्या कपड्यांत रस्त्यावर. धक्के आम्हाला अगदीच नवीन नव्हते. मार्चमध्ये तसाच एक येऊन गेला होता, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेवाल्यांना तर जमिनीच्या पोटातले आवाज वर्षानुवर्षं ऐकू येतात. गल्ली देवाचं नाव घेत होती. मामा लुंगीवर, अनवाणी, तळपाय जमिनीला नीट टेकवून उभे होते. डोळे मिटलेले. ते काही बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

आता माझ्या जीपबद्दल. महिंद्राची जुनी एमएम ५४०, चौथ्या हातातली, पुढचा सलग एक्सल पाट्यांवर बसलेला. पन्नास-पंचावन्नला खड्डा लागला की स्टेअरिंग हातात असं नाचतं की समोरच्याला वाटावं, मी त्याला लांबूनच नाही-नाही म्हणतोय. वेग पार वीसवर आणेपर्यंत ते थांबत नाही. मामांना टाळून मी ती एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात नेली. तिथं टायर बॅलन्स झाले, अलाइनमेंट झालं, टायरॉडचे एंड बदलले. तरी थांबेना म्हणून स्टेअरिंगला डॅम्पर बसवला. दोन महिने सुखात गेले, तिसऱ्या महिन्यात नाच पुन्हा सुरू.

मामांनी खाली वाकून डॅम्पर पाहिला. "थंडीताप आलेल्या माणसाला गोधडीत करकचून बांधलं तुमी. थरथर दिसंना गेली. ताप हायेच."

शेवटी एका रविवारी मी शरण गेलो. आणि हे कबूल करताना जरा जड जातं, पण सत्तरीला टेकलेला तो माणूस गोणपाट अंथरून सरळ गाडीखाली शिरला. आधी हवा मोजली. पाट्याचे बुश पाहिले, यू-बोल्ट आवळून पाहिले. मला स्टेअरिंग थोडं थोडं इकडून तिकडं करायला लावून स्वतः एकेका सांध्यावर हात ठेवून पडून राहिले. जॅक लावला. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, काही नाही. वरून-खालून धरून हलवलं, तर खाट् खाट्. बेअरिंग चाकाचंही असू शकतं, म्हणून मला ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवलं. तरी खाट् खाट्. मग टायरॉड सोडला, टपरीवाल्याचा रद्दीचा ताणकाटा मागवला, त्याचा आकडा चाकामागच्या आर्मला अडकवून ओढला. काट्यानं जागा सोडायच्या आत चाक वळलं. एवढं सैल.

मी वाट बघत होतो. टपरीही बघत होती. मामा तो शब्द काही उच्चारेनात.

चार बोल्ट काढून त्यांनी वरची टोपी उचलली. खाली शिमच्या पातळ चकत्या होत्या. त्यात एक कंपनीची नव्हती. कात्रीनं कापलेली, एका बाजूला बिस्किटाच्या डब्याचा लाल रंग अजून टिकून असलेली पत्री. मामांनी ती शर्टाला पुसली.

"ही तुमची गाडी?" मी विचारलं.

"खात्याची. मी चालवायचो. पयल्याच दिवशी नंबर वळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कव्हा इचारलं?"

कयाधूच्या पुरातून त्यांनी ती काढली होती. पाणी शिरून बेअरिंगा गेल्या. नव्यांसाठी मागणी टाकली. साहेब बदलले, दर वेळी मागणी नव्यानं टाकली. शेवटी भंगारातल्या दुसऱ्या जीपच्या बेअरिंगा आणून घातल्या. त्या फार घट्ट बसायल्या म्हणून घरचा डबा कापून पत्री घातली.

"मंजुरी आलीच नाही?"

"आली की. गाडी लिलावात गेल्यावर."

इतक्या वर्षांत बेअरिंगा झिजून सैल झाल्या होत्या. मामांनी पत्री बाहेरच ठेवली, बाकीच्या चकत्या ग्रीस लावून बसवल्या, टोपी आवळली. आता ताणकाटा ओढला तर चाक मानानं वळलं. दुसऱ्या बाजूची एक चकती कमी केली. औंढ्याच्या दिशेनं पंचावन्नवर नेली. खड्डा शोधावा लागला नाही. स्टेअरिंग जागचं हललं नाही.

"पत्री चुकली होती का मग?" मी विचारलं.

"तव्हा लागत व्हती," मामा म्हणाले आणि ती टेस्टरशेजारी खिशात ठेवली.

टपरीवर परतलो. वर पंखा डुगडुगत होता. चहावाल्यानं आमच्याकडं बघून डोळा मारला. "मामा, किंगपिन?"

मामांनी बशीत चहा ओतला, एक फुंकर घातली.

"मागणी टाक."