काल काय खाल्लंत?

आमच्या घरात मधुमेह मला एकट्याला आहे, ग्लुकोमीटर मात्र सगळ्यांचा आहे. सकाळी मी मशीनमध्ये स्ट्रिप सरकवली की बायको चहा गाळायची थांबते, सून डबा भरता भरता मान वळवते आणि नातू पडद्यावरचे आकडे मोठ्यांदा म्हणतो, पाच, चार, तीन... सुई मला टोचलेली असते, श्वास त्यांचे अडकलेले असतात. आकडा आला की प्रश्न ठरलेला, "काल काय खाल्लंत?"

हा प्रश्न वैद्यकीय नाही, फौजदारी आहे. पहाटे शरीर आपणहून काही संप्रेरकं सोडतं, यकृत रक्तात साखर ओततं, म्हणून रात्री नुसती ताक-भाकरी खाऊन झोपलेल्याचीही उपाशीपोटीची शुगर सकाळी चढलेली असू शकते, हे मी घरात समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "यकृताला श्रीखंडाची वाटी कुठं असते ते बरं ठाऊक!"

वडिलांच्या काळात हे बरं होतं. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. रंगावर हुज्जत घालता येते. "हे हिरवंच आहे" म्हणत वडील सणवार निभावून न्यायचे. १६३ला हिरवं कसं म्हणणार?

टोचायचंही तंत्र आहे. बोटाच्या टोकाला मधोमध टोचलं तर जास्त दुखतं, म्हणून कडेला टोचावं आणि बोट फार पिळू नये. तरी थेंब रुसतो. भाजी चिरताना त्याच बोटातून धार लागते, हा भाग वेगळा. त्यात रक्त कमी पडून मशीनने 'एरर' दाखवला की माझ्या रक्ताबद्दल कोणी हळहळत नाही, स्ट्रिपबद्दल सगळे हळहळतात. स्ट्रिप महाग असते.

मे महिन्यात नातवंडांना हापूस कापून देत होतो. स्वतः फोडही तोंडात घातली नव्हती. तेवढ्यात "दोन तास झाले हो जेवून" म्हणत बायकोने मशीन पुढं केलं. आकडा आला २८७. बाठे मोजले गेले, नातवंडांच्या साक्षी झाल्या. शेवटी सून म्हणाली, "बाबा, हात धुऊन बघा ना." साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून पुन्हा टोचलं, १४८. बोटाला लागलेला रस थेंबात मिसळला होता. मी निर्दोष सुटलो, पण माफी कोणी मागितली नाही. उलट स्ट्रिप फुकट गेल्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

मशीन धुतल्या हातांनीही अगदी अचूक बोलत नाही. शंभराच्या वरच्या आकड्यात प्रयोगशाळेपेक्षा पंधरा टक्के इकडेतिकडे होणं आंतरराष्ट्रीय मानकालाही मान्य आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी बघायला एचबीएवनसी आहे. म्हणून १५० आणि १६५ यांवरून घरात अबोला धरू नये. आकडा वहीत लिहावा, वही डॉक्टरांना दाखवावी.

मधुमेह्यांच्या घरच्यांना मात्र एक कळकळीची विनंती. आकडा सत्तरच्या खाली दिसला, माणसाला घाम फुटलाय, हात थरथरताहेत, तर तिथं उलटतपासणी नको. तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून आधी पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.