अकरा लुगडी आणि वर एक वार

गावच्या शाळेपासून कॅन्सर किती लांब ठेवायचा हे एकदाचं ठरलं. शंभर यार्ड. कायदा २००३चा, पिवळी रेघ गेल्या आठवड्यातली. रेघेच्या आत तंबाखू विकायची नाही, बाहेर खुशाल.

अडलं ते यार्डावर. टेपवर नुसते मीटर. ग्रामसेवक, दोन गुरुजी आणि टेपचं दुसरं टोक धरून खुद्द टपरीवाला, असा तासभर खल चालला. मोबाइलने ९१.४४ मीटर सांगितले, तोवर पारावरची म्हातारी म्हणाली, "यार्ड म्हंजी वारच की रं. अकरा लुगडी नि वर येक वार." हिशेब बिनचूक! लुगडं नेसणाऱ्या बाईला जे कळतं ते टेपला कळत नाही. मग चौघांनी टपरी उचलून रेघेपलीकडे ठेवली. पण टपरीची फळी वीतभर अलीकडे आली. विक्री फळीवर होते की फळीमागे, यावर पुन्हा चहा झाला. आता सातवीतलं पोरगं रेघेवर उभं राहतं. पाय शाळेत, हात टपरीत. अठराच्या आतल्याला विकायची नाही, पण पुडी बापाची आहे, पोरगं नुसतं हमाल, असं टपरीवाल्याचं म्हणणं. गुटख्याला तर राज्यात २०१२पासून बंदीच. म्हणून त्याची माळ समोर टांगत नाहीत, गल्ल्याखाली असते.

म्हातारीच्या घरात मात्र रेघ नाही. पहाटे तव्यावर तंबाखू भाजते, काळी मिसरी चंचीत आणि चंची कनवटीला. शेजारी बसलेली नातही दाताला बोट लावते.

तिला हे व्यसन कुणी लावलं? उसाच्या फडानं. अंधारात कोयता घेऊन उतरलेली बाई पाणी प्यायला थांबली तर मुकादम डाफरतो, आडोशाला गेली तर डाफरतो. मिसरी लावायला बांधावर टेकली तर काही म्हणत नाही. का म्हणेल? मिसरीनं भूक मरते, भाकरीची सुट्टी वाचते. एवढं झाल्यावर आपण तिच्यापुढे पोस्टर धरायचं : तंबाखू सोडा, फळं खा. कुठली फळं? गालात पांढरा चट्टा आला, तिखटानं आग व्हायला लागली, तरी तालुक्याला दाखवायला जायचं म्हणजे एक खाडा, आणि खाडा कापला जातो उचलीतून. वर व्याख्यानात ऐकायचं की बायकांमध्ये जागृती नाही. जागृती कसली नाही? पहाटे तीनला जाग्या असतात त्या!

धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जावीत. अकरा लुगडी मोजणाऱ्या गावानं म्हातारीचं तोंड कधी मोजलं नव्हतं. परवा मी तिला मोजायला लावलं.

दोनच गेली.