एका चौकटीचं चरित्र

महापुरुष समजून घ्यायला जाड चरित्रंच लागतात, हा गैरसमज २०११ साली ‘भीमायन’ या चित्रमय पुस्तकाने मोडला. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात बाबासाहेब आंबेडकरांचं आयुष्य चितारलं. बोचरं बोलणाऱ्यांच्या संवादांच्या फुग्यांना चक्क विंचवाची नांगी काढली. कल्पना झकास, पण पुस्तक म्हटलं की पानं उलटणं आलंच.

श्रीरामपूरने हा त्रासही वाचवला आहे. आमचं सचित्र चरित्र एकाच चौकटीचं: चौकात दोरीने बांधलेला जयंतीचा फ्लेक्स. वर महापुरुष, खाली शुभेच्छुक. जन्म, शिक्षण, संघर्ष असला फापटपसारा नाही. दुचाकीचा वेग कमी न करता इतिहास पूर्ण! १९३९ साली शेजारच्या हरेगावात बाबासाहेब महार वतनाबद्दल बोलले, तेव्हा बिचाऱ्या श्रोत्यांना अख्खं भाषण ऐकावं लागलं होतं.

शुभेच्छुक वाढताहेत. तेव्हा पुढच्या जयंतीला महापुरुषाचा फोटो कोपऱ्यात, तिकिटाएवढा घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. नांगीचा प्रश्न उद्भवणार नाही. महापुरुषाच्या तोंडाशी फुगा काढायला जागाच उरलेली नाही. तिथे तालुकाध्यक्ष आले आहेत.