कुंपणावरचा तिळगूळ

"आक्का, डहाळा घ्या हरभऱ्याचा."

"आण हिकडं. कोपऱ्यावरची सून स्कुटीवरनं गेली, बघितलीस?"

"सक्काळीच? कुठं?"

"तलाठ्याकडं. वारसनोंद करायला. दीर म्हणाला, मी येतो. तर म्हणाली, भावजी, तुम्ही उसाला पाणी पाजा, सातबाऱ्याचं मी बघते."

"आणि हातात बांगड्या?"

"हायत की, हिरव्यागार! तुझा डोळा मनगटावरच."

"माझा नव्हं ओ, गल्लीचा."

"गल्लीला म्हणावं, शेजारच्या हेरवाडात जाऊन ये. ४ मे २०२२ ला भर ग्रामसभेत ठराव केला त्यांनी. बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या गावांना परिपत्रक धाडलं."

"कागद ऱ्हातोय कागदावर, आक्का. मयताच्या दिवशी बायका सरसावल्या होत्याच की."

"तिच्या सासूनं हात धरला म्हणून. म्हणाली, पोरगा माझा गेलाय, हिची काच फोडून येणार हाय व्हय माघारी? माझ्या येळंला अशी सासू न्हवती. दगडानं फोडल्या. ही बघ खूण. हात धरणाऱ्यांत तुझी सासूबी होती."

"...पर आक्का, सा महिन्यांत बाई हसाय-बोलाय लागली, असं म्हणत्यात."

"दिवसा. रातच्याला अकराला परसात भांडी घासती. घासलेलीच पुन्यांदा. नळ मोठा सोडती, हुंदका कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी खिडकी तिकडंच."

"मग वो?"

"मग काय, लावून घ्यायची खिडकी. परवा न्हाई लावली. म्हणलं, च्या टाकलाय, ये. आली. मालकाचं कायबी बोलली न्हाई. सोसायटीचं कर्ज किती, पोराची फी किती, तेच. संजय गांधी निराधारचं सुचवलं मी, तर म्हणाली, उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची, आपण उसवाले, बसत न्हाई. दोन कप च्या प्याली. जाताना कप विसळून गेली. एकदाच."

"आक्का, शुक्रवारी माझ्याकडं हळदीकुंकू हाय. बोलवू तिला?"

"इचारतीस काय? बोलीव की."

"आणि तुम्ही?"

"मला काय गं. माझा तिळगूळ तू दरसाल ह्या कुंपणावरनंच देतीस."

"..."

"डहाळा चांगला भरलाय हां औंदा."

"आक्का, शुक्रवारी पाच वाजता. पुढच्या दारानं या."